तैवानचं दस्तरख्वान : तिथं काय शिजतं आणि त्यातलं आपल्याला काय चालतं?

तैवान म्हटलं की आपल्याला मोबाइलची चिप आठवते, जेवण आठवत नाही. पण अलीकडे या बेटाचं नाव आपल्या घरांपर्यंत येऊ लागलं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतीय कामगारांना तिकडे काम मिळावं म्हणून भारत आणि तैवान यांच्यात करार झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तैवानचं आर्थिक आणि सांस्कृतिक केंद्र मुंबईत सुरू झालं. विज्ञान आणि इंजिनिअरिंगची मुलं तिथल्या विद्यापीठांत संशोधनासाठी जातातच. मुलाचं किंवा मुलीचं नाव यादीत लागलं की घरात पहिला प्रश्न अम्मीचा असतो, "सगळं ठीक आहे, पण तिथं खायचं काय?"

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरं ऐकायला मिळतात. एक म्हणजे, "तिथं सगळं हरामच, नूडल्सची पाकिटं भरून न्या." दुसरं म्हणजे, "पोर्क नको म्हणून सांगायचं, झालं." ही दोन्ही उत्तरं अपुरी आहेत. पहिल्याने मूल उपाशी राहतं, दुसऱ्याने नकळत फसतं. म्हणून तैवानचं जेवण मुळापासून समजून घेऊ या. एखाद्या समाजाचं ताट कसं घडलं हे कळलं, की त्यातलं काय उचलायचं आणि काय बाजूला ठेवायचं हेही कळतं.

एका बेटावर चार स्वयंपाकघरं

तैवान आकाराने लहान आहे, सुमारे ३६ हजार चौरस किलोमीटर. महाराष्ट्रात अशी आठ बेटं मावतील. लोकसंख्या मात्र सव्वादोन कोटींच्या वर. मधोमध उंच डोंगर, पश्चिमेला सपाट भातशेती, चहूबाजूंनी समुद्र.

इथले सर्वात जुने रहिवासी म्हणजे आदिवासी. आज त्यांच्या १६ जमातींना सरकारची मान्यता आहे. त्यांचं मुख्य धान्य राळे. आपल्याकडेही आजी-नानींच्या काळात राळ्याचा भात होत असे, तेच हे धान्य. डोंगरातली रताळी, अळूचे कंद, नदीचे मासे आणि 'माकाव' नावाचं लिंबासारख्या वासाचं रानमिरं ही त्यांच्या स्वयंपाकाची ओळख.

१६२४ मध्ये डच आले आणि ऊसशेतीसाठी चीनच्या किनाऱ्यावरून मजूर आणू लागले. त्यानंतरच्या दोन-अडीचशे वर्षांत फूच्यान प्रांतातले होक्कियन लोक आणि हक्का लोक मोठ्या संख्येने येऊन वसले. भात, मासे, सोयाबीनचं तोफू, वाफवलेले पदार्थ हा आजच्या तैवानी जेवणाचा पाया त्यांनी घातला. गरिबीत भात पुरत नसे, तेव्हा रताळ्याचे तुकडे घालून तो वाढवला जाई. बेटाचा नकाशाही रताळ्यासारखाच दिसतो, म्हणून जुने तैवानी लोक स्वतःला 'रताळं' म्हणवतात आणि नंतर चीनमधून आलेल्यांना 'अळकुडी'!

१८९५ ते १९४५ अशी पन्नास वर्षं जपानची सत्ता होती. या काळात आखूड, जरा चिकट दाण्याच्या तांदळाची जात तैवानच्या हवेत रुजवली गेली. इसो एइकिची या जपानी शेतीतज्ज्ञाचं त्यात मोठं काम आहे. १९२६ मध्ये या तांदळाला 'पोंगलाई' हे नाव मिळालं आणि आजही तिथल्या ताटात बहुतेक हाच भात असतो. रेल्वेत मिळणारा भाताचा डबा हीसुद्धा जपानी काळाची देणगी.

चौथं स्वयंपाकघर १९४९ मध्ये आलं. चीनच्या यादवी युद्धात हरलेलं राष्ट्रवादी सरकार दहा लाखांहून जास्त सैनिक आणि नागरिकांसह बेटावर आलं. या लोकांनी आपापल्या प्रांताची चव सोबत आणली. कुणी सिचुआनचं तिखट, कुणी उत्तरेकडच्या गव्हाच्या रोट्या, तर कुणी शांघायकडचे वाफवलेले मोमो.

बैलाचं मांस न खाणाऱ्यांचा बीफ नूडल्स

आज तैवानचा सर्वात प्रसिद्ध पदार्थ म्हणजे 'न्यू-रो-म्येन', बीफ नूडल्सचा रस्सा. तैपेई शहरात तर त्याचा खास महोत्सव भरतो. गंमत अशी, की जुने तैवानी शेतकरी गोमांस खातच नसत. बैल आणि रेडा शेतात राबतो, त्याला कापून कसं खायचं, हा त्यांचा विचार. जुन्या घरांत आजही काही वृद्ध माणसं हा नियम पाळतात. आपल्या गावाकडच्या माणसाला ही भावना वेगळी समजावून सांगायला नको.

मग हा पदार्थ आला कुठून? १९४९ नंतर आलेले सैनिक बायका-मुलांसह सरकारी वस्त्यांत राहत. त्याच काळात अमेरिकेची मदत सुरू झाली. तिच्यातून गहू यायचा, म्हणून भातखाऊ बेटावर नूडल्स आणि पाव स्वस्त झाले. दक्षिणेत गांगशान भागात सैनिक कुटुंबांनी सिचुआन पद्धतीची तिखट वालाची पेस्ट बनवायला घेतली. गहू, पेस्ट आणि बीफ एकत्र आलं, तेव्हा लाल रश्श्याचे नूडल्स तयार झाले.

यात मुसलमानांचाही हिस्सा आहे. चीनमधून आलेल्या हुई मुस्लिम कुटुंबांनी तैपेईत बीफ नूडल्सची हलाल दुकानं काढली. त्यांचा रस्सा तिखट लाल नसतो. हाडं तासन्‌तास उकळून काढलेला तो पाण्यासारखा स्वच्छ असतो. आपल्या पायाच्या शोरब्याशी त्याचं नातं लगेच लक्षात येईल. बिगरमुस्लिम तैवानीही या दुकानांसमोर रांगा लावतात. अशा दुकानाच्या पाटीवर 'छिंगजन' असं लिहिलेलं असतं. शब्दशः अर्थ 'शुद्ध आणि खरं'. चिनी भाषेत हलालला हाच शब्द आहे. पाटी नसलेल्या दुकानातलं बीफ मात्र जबिहाचं नसतं. फक्त 'बीफ आहे ना' एवढ्यावर समाधान मानू नये.

अडचण कुठे आहे?

आता मुख्य मुद्दा. तैवानी जेवणात डुक्कर तुकड्यांत दिसतं त्याहून जास्त न दिसणाऱ्या रूपात असतं.

पहिली गोष्ट भाषेची. तिथं नुसतं 'रो', म्हणजे 'मांस', म्हटलं की अर्थ डुकराचं मांस असाच होतो. गाईचं असेल तर 'न्यू-रो', कोंबडीचं असेल तर 'जी-रो' असं वेगळं सांगावं लागतं. डुकराला 'जू' म्हणतात. 'लू-रो-फान' हा तिथला घरोघरचा पदार्थ. भातावर सोया सॉसमध्ये शिजवलेल्या मांसाचे बारीक तुकडे. नावात डुक्कर कुठे नाही, पण मांस डुकराचंच.

दुसरी गोष्ट चरबीची. साधी हिरवी भाजी, पातीच्या कांद्याचा पराठा, पारंपरिक मिठाईचं वरचं आवरण यांत अनेकदा डुकराची चरबी वापरतात. बेकरीच्या पावावर कापसासारखा दिसणारा तपकिरी भुगा असतो, तोही सुकवलेल्या मांसाचा, बहुधा डुकराच्याच.

तिसरी गोष्ट जिलेटिनची. 'श्याव-लोंग-बाव' हे मोदकासारख्या कळ्या पाडलेले, आत गरम रस्सा भरलेले मोमो जगभर गाजले आहेत. पातळ रस्सा पारीत भरतात कसा? डुकराची कातडी उकळून तिचा रस थंड करतात. तो जेलीसारखा घट्ट होतो. त्याचे तुकडे सारणात मिसळतात आणि वाफेवर ते वितळतात. म्हणजे सारण कोंबडीचं असलं तरी रस कशाचा, हा प्रश्न उरतोच.

चौथी गोष्ट रक्ताची. रात्रीच्या बाजारात काडीवर लावलेले काळपट चौकोनी तुकडे मिळतात. तांदूळ आणि डुकराचं रक्त वाफवून ते केलेले असतात. तिखट हॉटपॉटमध्ये बदकाच्या रक्ताच्या वड्या असतात. "बदक आहे, डुक्कर नाही" असं म्हणून कुणी खाऊ नये. वाहतं रक्त कुठल्याही जनावराचं असो, हरामच आहे.

पाचवी गोष्ट सर्वात जास्त निसटणारी, ती म्हणजे 'मी-ज्यू', तांदळाची दारू. आपण कोथिंबीर वापरतो तितक्या सहजपणे तिथं ती स्वयंपाकात पडते. 'सान-बेई-जी' म्हणजे 'तीन कपांची कोंबडी' या प्रसिद्ध पदार्थातले तीन कप म्हणजे सोया सॉस, तिळाचं तेल आणि मी-ज्यू. आपल्याकडे बाळंतिणीला डिंकाचे, अळिवाचे लाडू देतात आणि सव्वा महिना जपतात. तसंच तिथंही बाळंतिणीला महिनाभर विश्रांती असते, आणि तिचा खास आहार म्हणजे तिळाच्या तेलात, आल्यात आणि याच दारूत शिजवलेली कोंबडी. २००२ मध्ये तैवान जागतिक व्यापार संघटनेत गेला. या दारूवरचा कर वाढणार म्हणून लोकांनी आधीच बाटल्या साठवून ठेवल्या होत्या. तिथल्या गृहिणीला ती मिठाइतकी जरुरीची वाटते, हे त्यावरून समजावं. त्यामुळे "पोर्क नको" एवढं सांगून भागत नाही. "दारू घालू नका" हेही वेगळं सांगावं लागतं. "शिजवताना उडून जाते" या समजुतीवर विसंबू नये.

बेफिकीर खाता येईल असं

आता चांगली बाजू. ती लहान नाही.

तैवानात बौद्ध आणि ताओ परंपरेमुळे शाकाहारी मंडळी पुष्कळ आहेत. शाकाहाराला 'सू' म्हणतात. पाकीटबंद शाकाहारी मालावर तो कुठल्या प्रकारचा आहे, हे छापावं लागतं. शुद्ध वनस्पतीचा, दुधाचा, अंड्याचा, की कांदा-लसूण असलेला. होय, कांदा-लसूण! कट्टर बौद्ध शाकाहारी ते खात नाहीत. आपल्याकडच्या जैन जेवणासारखंच. अशा खानावळी गल्लोगल्ली आहेत. त्यांत चरबीचा धोका नसतो, आणि धार्मिक बौद्ध स्वयंपाकी दारूही टाळतात. तरीही एकदा विचारून घ्यावं. तिथं 'हॅम' किंवा 'पोर्क' नावाच्या वस्तू दिसल्या तर घाबरू नका. बहुतेकदा त्या सोयाबीन आणि गव्हाच्या असतात.

गोडाधोडात तर मजाच आहे. 'आइयू' नावाची जेली तैवानी अंजिराच्या वेलीच्या बियांपासून बनते. बिया कापडात बांधून पाण्यात चोळल्या की पाणी आपोआप घट्ट होतं. यात जिलेटिन लागतच नाही. वर लिंबू आणि मध. सोयाबीनच्या दुधाची मऊ खरवसासारखी 'दोऊ-ह्वा', उन्हाळ्यात आंब्याचा बर्फाचा गोळा, अननसाची वडी हेही आहे. अननसाला होक्कियन बोलीत 'ओंग-लाई' म्हणतात. त्याचा उच्चार 'बरकत येवो' असा ऐकू येतो, म्हणून ही वडी भेट म्हणून देतात. तिच्या पारीत लोणी आहे की चरबी, एवढं फक्त पाहून घ्यावं.

आणि बबल टी. १९८० च्या दशकात तैवानातच हा चहा जन्मला. ताइचुंग आणि ताइनान या दोन शहरांतली दोन दुकानं आजही 'आधी आम्ही' म्हणतात. त्यांचं भांडण वर्षानुवर्षं कोर्टात चाललं. शेवटी २०१९ मध्ये कोर्टाने सांगितलं, की हा चहा कुणीही करू शकतो. त्यातल्या काळ्या गोळ्या टॅपिओकाच्या पिठाच्या. आपला साबुदाणाही त्याच कंदापासून, तमिळनाडूतल्या सेलमकडे तयार होतो. म्हणजे बबल टी हा साबुदाण्याचा दूरचा भाऊच. या गोळ्या चालतात. चहात वरून पुडिंग किंवा रंगीत जेली घेतली तर मात्र जिलेटिनची चौकशी करावी.

कोपऱ्या-कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानांत गरम भाजलेलं रताळं मिळतं. परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थ्यांना याचा मोठा आधार असतो.

कालवांचं ऑम्लेट : कोकण आणि मराठवाड्याची दोन उत्तरं

रात्रीच्या बाजाराचा आणखी एक राजा म्हणजे 'ओ-आ-च्येन', कालवं, अंडी, पालेभाजी आणि रताळ्याच्या पिठाचं ऑम्लेट, वर गोडसर लाल चटणी. इथं आपल्या वाचकांमध्येच दोन उत्तरं येतील. रत्नागिरी-रायगडकडची आपली कोकणी कुटुंबं शाफई मसलकाची. त्यांच्याकडे समुद्रातलं जवळपास सगळं चालतं, आणि कालवं तर घरचीच. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातली बहुतेक कुटुंबं हनफी. त्यांच्या मसलकात माशाशिवाय इतर समुद्री जीव चालत नाहीत, आणि कोळंबीबद्दल आलिमांमध्ये मतभेद आहेत. एकाच होस्टेलमध्ये रत्नागिरीचा आणि औरंगाबादचा मुलगा राहिला, तर एकाने ऑम्लेट घेतलं आणि दुसऱ्याने नाही घेतलं, म्हणून कुणी कुणाला कमी लेखू नये. पण तवा कुठल्या चरबीने पुसलाय, हे दोघांनीही विचारायचं आहे.

तैवानचे मुसलमान आणि एक विसरलेला घास

तैवानात मुसलमान आहेत का, हा पुढचा प्रश्न. आहेत, आणि त्यांची गोष्ट आपण नीट ऐकायला हवी.

पश्चिम किनाऱ्यावर लुगांग नावाचं जुनं बंदर आहे. तिथल्या ग्वो घराण्याचे पूर्वज चीनच्या च्युआनजोउ बंदरातल्या अरबी-इराणी व्यापाऱ्यांचे वंशज होते. काही शतकांपूर्वी ते तैवानात आले. मस्जिद, आलिम, मोठी जमात यांपासून तुटत गेले. पिढ्या उलटत गेल्या तशी नमाज गेली, भाषा गेली, नावंही स्थानिक झाली. आज ही मंडळी शेजाऱ्यांसारखेच इतर विधी करतात. पण एक खूण उरली. पूर्वजांच्या नावाने ताट ठेवताना त्यात डुकराचं मांस ठेवायचं नाही. स्वतः खातात, पण वाडवडिलांना देत नाहीत. कारण अनेकांना नीट सांगता येत नाही. 'आमच्यात चालत नाही', बस्स एवढंच.

दुसरी लाट १९४९ ची. हुई मुस्लिम सैनिक, अधिकारी, व्यापारी आले. त्यांतले जनरल बाई चोंगशी चीनचे संरक्षणमंत्री राहिलेले होते आणि चिनी मुस्लिमांच्या संघटनेचे अध्यक्षही होते. १९६६ मध्ये तैपेईत त्यांचा इंतेकाल झाला. तैपेईची मोठी मस्जिद १९६० मध्ये उभी राहिली. तिचे वास्तुरचनाकार यांग चो-चेंग यांनीच पुढे तिथलं प्रसिद्ध च्यांग काई-शेक स्मारक उभारलं. युन्नानहून बर्मा-थायलंडच्या सीमेवरून आलेल्या सैनिक कुटुंबांनी ताओयुआनजवळ लोंगगांग इथं मस्जिद बांधली. त्या भागात आजही युन्नानी पद्धतीचे तांदळाचे नूडल्स हलाल मिळतात.

तिसरी आणि आज सर्वात मोठी लाट इंडोनेशियाची. दोन लाखांहून जास्त इंडोनेशियन कामगार तिथं कारखान्यांत, मच्छीमार बोटींवर आणि वृद्धांच्या सेवेत आहेत. दक्षिणेत दोंगगांग बंदरात मच्छीमारांनी आपल्या कमाईतून २०१८ मध्ये मस्जिद उभी केली. त्यांची छोटी खाणावळ आणि किराणा दुकानं तैपेई स्टेशनच्या मागे, ताओयुआनमध्ये, ताइचुंगच्या आसियान चौकात सापडतात. हलाल चिकन, मसाले, तांदूळ तिथं मिळतात. ईदच्या दिवशी तैपेई स्टेशनचा मोठा हॉल या लोकांनी भरून जातो. त्याच स्टेशनात नमाजची खोलीही आहे.

जाणाऱ्यांसाठी थोडक्यात

– चिनी मुस्लिमांची संघटना दोन प्रकारची प्रमाणपत्रं देते. 'मुस्लिम रेस्टॉरंट' म्हणजे मालक मुसलमान. 'मुस्लिम फ्रेंडली' म्हणजे मालक दुसऱ्या धर्माचा, पण मुस्लिमांचा स्वयंपाक ठरलेल्या नियमांनी. दोन्हींतला फरक लक्षात ठेवा.

– 'छिंगजन' (हलाल), 'सू' (शाकाहारी), 'जू' (डुक्कर) आणि 'ज्यू' (दारू) हे चार शब्द चिनी लिपीत ओळखायला शिका. शेवटचे दोन आपल्याला ऐकायला सारखे वाटतात, म्हणून लिहून दाखवणं बरं.

– घरून मटणाचं लोणचं, कबाब, खिमा नेऊ नका. जनावरांच्या रोगांच्या भीतीने तैवानात मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे आणि दंड जबर आहे. सुके मसाले न्या.

– चंद्रवर्षाच्या सातव्या महिन्यात भूतांच्या नावाने नैवेद्य दाखवतात आणि नंतर ते खाऊ ऑफिसात, लॅबमध्ये वाटतात. नम्रपणे "आमच्या धर्मात चालत नाही" म्हणा. तैवानी लोक शाकाहारी, कांदा न खाणारे, गोमांस न खाणारे अशांना रोजच पाहतात. तुमचं परहेजही ते समजून घेतात.

– सोया सॉससारख्या बारीक मसल्यांबद्दल आपल्या भागातल्या आलिमांना निघण्यापूर्वीच विचारून घ्या.

– 'दातोंग' कंपनीचा भात शिजवायचा विजेचा कुकर १९६० पासून तैवानच्या घराघरात आहे. भात, अंडी, चिकन, भाजी सगळं त्यात वाफवता येतं. होस्टेलच्या नियमात बसत असेल तर पहिल्या पगारातून किंवा स्कॉलरशिपमधून तो घ्यावा.

तैवानात जुनी माणसं एकमेकांना भेटली की होक्कियनमध्ये विचारतात, "चिआ पा बोए?", म्हणजे "जेवलात का?" आपल्याकडेही दारात आलेल्याला हाच प्रश्न. असा पाहुणचार करणाऱ्या लोकांत आपली मुलं जाणार आहेत. कुणी प्रेमाने वाढलेलं ताट नाकारायची वेळ त्यांच्यावर येईल. तेव्हा 'आमच्यात चालत नाही' एवढंच त्यांच्याजवळ असेल, तर लुगांगच्या घराण्याचं काय झालं ते आपण वाचलं. म्हणून मुलांना निघण्याआधी कारण सांगा, हलाल म्हणजे काय, जबिहा का, नशेची वस्तू थोडीही का नको. सोबत दोन-तीन सालन करायला शिकवा, मुलग्यांनाही. आणि मग तिथल्या दोस्तांना घरी बोलवून, त्याच दातोंग कुकरमध्ये शिजवलेला आपला पुलाव खिलवायला सांगा.